नवीन घराला वाळवी लागू नये म्हणून काय करायचं: पाया खोदल्यापासून ते पहिल्या पावसाळ्यापर्यंत

आमच्या मोठ्या भावाने परभणीत घर बांधलं, वास्तुशांत होऊन दुसराच पावसाळा चालू होता. पोळ्याच्या दिवशी दाराला तोरण बांधायचं म्हणून खिळा ठोकायला गेला तर खिळा हातोडी न मारताच, नुसत्या बोटाने दाबला तसा आत गेला. वरून ऑइल पेंट चकचकीत, आत चौकटीत निव्वळ माती अन् तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे वळवळायलेत. सागाची म्हणून पैसे मोजून घेतलेली चौकट होती ती. गुत्तेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मालक, औषध तर तुमच्यासमोर मारलं होतं की." अन् ते खरंच होतं, मी स्वतः तिथं उभा होतो. दोन पंप मारले होते. दोन पंप म्हणजे तीस-बत्तीस लिटर पाणी, तेही हजार स्क्वेअर फुटाच्या घराला. खरं लागतं किती हे आम्हाला नंतर कळलं, नुसत्या जोत्यालाच साडेचारशे लिटरच्या वर.

म्हणून माझं घर काढलं तेव्हा हा विषय मी धरूनच बसलो होतो. इंजिनिअर मित्राकडून मानक काय म्हणतं ते समजून घेतलं, गवंड्यांना विचारलं, कृषी सेवा केंद्रात डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. जे कळलं अन् जे केलं ते सगळं इथं लिहितोय, कारण आपल्याकडं घर आयुष्यात एकदाच बांधलं जातं अन् जोत्याखालची माती एकदा फरशीखाली गेली की परत हाताला येत नाही.

वाळवी येते कुठून ते आधी समजून घ्या

आमच्याकडं जुनी माणसं उधईच म्हणतात. घराला लागते ती बहुतेक जमिनीतली वाळवी, तिचं वारूळ मातीत असतं, कधी वर दिसतं कधी दिसत नाही. तिला दोन गोष्टी लागतात, ओल अन् खायला लाकूड-कागद-काडीकचरा. उघड्यावर ती वाळून मरते म्हणून मातीच्या नळ्या करत करत भिंतीवरून चढते. सिमेंट काँक्रीट ती खात नाही, पण त्याला पडलेली बारीकशी फट तिला पुरते. जोतं अन् भिंतीचा सांधा, पाईप जिथून आत येतो तिथली जागा, फरशीचा कोपरा, लाईटच्या वायरचा भिंतीतला पाईप, कुठूनही येते अन् दुसऱ्या मजल्यापर्यंत बी जाते. म्हणजे लाकडाला औषध लावून भागत नाही, औषध मातीला द्यायचं असतं. घराच्या खाली अन् चारी बाजूंनी औषध मुरलेल्या मातीचा एक सलग थर तयार करायचा की तो ओलांडल्याशिवाय तिला वर येताच येऊ नये. एका ठिकाणी खंड पडला तर तेवढ्याच जागेतून ती येते.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगून त्या भेगा मिटतात. जमीन अशी वरखाली होत राहिली की जोत्याला अन् भिंतीला बारीक तडे जातात अन् वाळवीला रस्ता मिळतो. म्हणून काळ्या मातीत पाया घेताना ती खणून काढून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं अन् जोत्यात भरती मुरमाचीच करायची हे जे जुने मिस्त्री सांगतात ते घराच्या मजबुतीसाठी जेवढं खरं तेवढंच वाळवीसाठी खरं. पैसे वाचवायला खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत जोत्यात ढकलणारे बघितलेत, तसं करू देऊ नका.

खड्डे बुजवायच्या आधी काडीकचरा काढा

औषधाच्या आधीचं काम हे, अन् याला एक रुपया लागत नाही. प्लॉटवर बाभूळ किंवा कडुनिंब तोडला असेल तर त्याचं खोड मुळासकट काढायचं, नुसतं वरून कापून त्यावर मुरूम टाकायचा नाही. आखणीच्या वेळी ठोकलेल्या लाकडी खुंट्या मोजून ठोकायच्या अन् मोजून काढायच्या. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, बल्ल्यांची टोकं, सिमेंटच्या कागदी पिशव्या, क्युरिंगचं कुजलेलं बारदान, मजुरांनी जेवून टाकलेल्या पत्रावळ्या हे सगळं कामाच्या गडबडीत जोत्यातच जातं, कारण उचलून बाहेर टाकण्यापेक्षा खड्ड्यात टाकणं सोपं. माझ्या घराच्या जोत्यातून भरतीच्या आदल्या दिवशी मी स्वतः उतरून दोन घमेली भरून लाकडाचे तुकडे काढले, त्यातल्या एका फळीला खालून मातीचा थर चढलेला होता अन् ती फळी तिथं पडून जेमतेम महिना झाला असेल. भरती करायच्या दिवशी सकाळी घरातलं कुणीतरी एक माणूस तिथं पाहिजेच.

जवळपास वारूळ असेल तर ते बी खणून काढून त्या जागेत औषधाचं पाणी ओतून घ्यायचं. पुजलेलं वारूळ असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोला, त्यांच्या मनाला लागेल असं काही करू नका, तेवढी जागा सोडून घर थोडं सरकवता आलं तर बघा.

औषध कोणतं

आपल्याकडं सगळ्यात जास्त वापरतात ते क्लोरपायरीफॉस, २० टक्के ईसी (ईसी म्हणजे पाण्यात टाकलं की दुधासारखं मिसळणारं तेलकट औषध). शेतकऱ्याच्या घरात हे नाव माहीतच असतं. इमारतीला याचं १ टक्का द्रावण लागतं, म्हणजे १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. तेच औषध ५० टक्के ईसीमध्ये घेतलं तर १ लिटरला ४९ लिटर पाणी. दुसरं इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं घट्टसर औषध), हे ५ लिटर पाण्यात १०.५ मिली एवढंच लागतं. बायफेन्थ्रिन बी मिळतं. फरक असा की क्लोरपायरीफॉसला उग्र वास असतो, वाळवी त्याला लागली की मरते अन् बाकीची तिकडं फिरकत नाही. इमिडाक्लोप्रिडचा तिला पत्ताच लागत नाही, ती त्यातून चालत जाते अन् एकमेकींना चाटताना-भरवताना औषध वारुळातल्या दुसऱ्यांपर्यंत पोचतं. मी इमिडाक्लोप्रिड घेतलं कारण आमच्या घरात लहान लेकरं आहेत अन् वास नको होता. क्लोरपायरीफॉसने बी काम होतंच, प्रमाण बरोबर पाहिजे.

शेतात उरलेलं औषध घराला मारू नका. बरेच जण कपाशीवरचं क्लोरपायरीफॉस अन् सायपरमेथ्रिनचं मिश्रण घेऊन येतात, "कीडच मारायचीय ना" म्हणून. त्याचं प्रमाण वेगळं असतं, ते पिकासाठी आहे. डब्यावर वाळवी अन् इमारत असं लिहिलेलंच घ्यायचं, सील फोडलेलं घ्यायचं नाही, एक्सपायरी बघायची. अन् कुणी जुनं अल्ड्रिन, हेप्टाक्लोर किंवा क्लोरडेन "लई जबरदस्त आहे" म्हणून देत असेल तर हात लावू नका, या तिन्हींवर भारतात बंदी आहे.

डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो तो बघायची सवय लावा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा अन् हिरवा. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, पायात बूट, अन् मारणाऱ्या माणसाने मधेच तंबाखू मळायची नाही, हे सांगावंच लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. आपल्याकडं बोअर नाहीतर जमिनीतला हौद जोत्याला चिकटूनच घेतात. हौदाच्या, बोअरच्या, विहिरीच्या अगदी जवळ हे औषध जमिनीत सोडायचं नाही, प्यायच्या पाण्यात उतरलं तर वाळवीपेक्षा मोठं दुखणं होईल. म्हणून नकाशा काढतानाच हौद जोत्यापासून लांब घ्या. औषध मारताना कुणाला मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यापुढं अंधुक असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, कपडे बदला, अंग साबणाने धुवा अन् औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा, डब्यावरचं नाव बघून डॉक्टरांना उपचार पटकन ठरवता येतात.

किती लागतं, हा हिशोब पाठ करून ठेवा

भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्याचा भाग २ बांधकाम चालू असतानाच्या औषधासाठी आहे अन् भाग ३ झालेल्या घरासाठी. गुत्तेदाराशी करार करताना "आयएस ६३१३ भाग २ प्रमाणे" हे शब्द कागदावर घ्या, नुसतं "वाळवीचं औषध मारून देणे" असं नको.

जोत्याची मुरूम भरती झाली, धुमसून दबाई झाली की पीसीसीच्या (म्हणजे फरशीखालच्या साध्या काँक्रीटच्या थराच्या) आधी वरच्या सगळ्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. हजार स्क्वेअर फूट म्हणजे ९३ चौरस मीटर धरा, गुणिले ५, झाले ४६५ लिटर. फवारणीचा पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा असतो, म्हणजे साधारण तीस पंप. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर त्याला २३ लिटरच्या वर मूळ औषध लागतं, इमिडाक्लोप्रिड असेल तर एक लिटरच्या आसपास. आता गुत्तेदार पाच लिटरचा एक कॅन घेऊन येतो अन् म्हणतो अख्ख्या घराला पुरतं, तर तुम्हीच भागाकार करून बघा.

कॉलमच्या खड्ड्यांचा हिशोब वेगळा. आरसीसीचा फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) असेल तर अगदी तळापासून मारायची गरज नसते, जमिनीच्या पातळीखाली अर्ध्या मीटरपासून वर, कॉलमला अन् प्लिंथ बीमला (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईला) चिकटून जी माती भरतात तिला उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर. नऊ बाय अठरा इंचाच्या कॉलमला चारी बाजूंनी मिळून साधारण ५ लिटर बसतं. दगडी किंवा विटांचा पाया असेल तर मात्र चराचा तळ अन् बाजू ३० सेंटीमीटर उंचीपर्यंत ५ लिटरने भिजवायच्या अन् भरतीच्या मातीला दोन्ही बाजूंनी ७.५ लिटरने. शेवटी घर झाल्यावर बाहेरच्या भिंतीला लागून चौफेर, दर १५ सेंटीमीटरवर ३० सेंटीमीटर खोल भोकं पाडून दर रनिंग मीटरला सव्वा दोन लिटर. तीस बाय चौतीस फुटाच्या घराचा घेर ३९ मीटर येतो, म्हणजे ८८ लिटर.

सगळं मिळून हजार फुटाच्या घराला सहाशे ते साडेसातशे लिटर पाणी जातं. एवढं पाणी म्हटलं की एप्रिल-मेमध्ये गुत्तेदाराच्या कपाळाला आठ्या पडतात, टँकर महाग असतो, मग पाण्यातच काटकसर होते. काही जण औषध दुप्पट घट्ट करून पाणी निम्मं करतात, ते चालत नाही. माती भिजायला पाणीच पाहिजे, औषध पाण्याबरोबरच मातीत उतरतं. मी सरळ स्वतःच्या पैशाने एक टँकर त्या दिवसासाठी वेगळा सांगितला अन् भिंतीवर कोळशाने दर पंपाला एक रेघ मारत गेलो. चौतीस रेघा झाल्या तेव्हा जोतं झालं.

मारायची पद्धत

जोत्यावर नुसतं वरून शिंपडून होत नाही. दबाई केलेला मुरूम टणक असतो, पाणी वाहून एका कोपऱ्यात जातं. आधी सळई घेऊन दर १५ सेंटीमीटरवर, आडवं-उभं दोन्हीकडं, ५ ते ७.५ सेंटीमीटर खोल भोकं पाडायची. माप टाकून टाकून माझ्या चुलतभावाने अन् मी ही भोकं पाडली, दीड दिवस गेला. पंपाचं नोझल काढून टाकायचं किंवा मोठ्या धारेवर ठेवायचं, पिकावर मारतो तशी बारीक फवारणी करायची नाही. भिंत अन् जोत्याचा जो सांधा आहे तिथं एक लहान चर ओढून त्यात सळईने खोल भोकं घेऊन औषध सोडायचं, वाळवी याच सांध्यातून सगळ्यात जास्त येते अन् घाईत हाच सुटतो.

दिवस बघून करा. पाऊस पडत असेल किंवा माती आधीच ओली असेल तर थांबा, ओली माती औषध पीत नाही. मारल्यावर पीसीसीच्या आधी पावसाची सर आली तर परत मारावं लागतं, म्हणून पीसीसीचं सामान अन् माणसं दुसऱ्याच दिवशीची सांगून ठेवा. दुपारच्या उन्हात मारू नका, संध्याकाळी मारलेलं मुरतं.

अन् एकदा मारलं की त्या मातीला कुणी हात लावायचा नाही. इथंच सगळं बिघडतं. औषध मारून आठ दिवस झाले की प्लंबर येतो अन् संडासाच्या पाईपासाठी चर खोदतो, इलेक्ट्रिशियन अर्थिंगचा खड्डा घेतो, अन् कुणाच्या लक्षात बी येत नाही की सलग थर तुटला. ड्रेनेज अन् पाण्याचे पाईप भरतीच्या आधीच टाकून घ्या. नंतर खोदावंच लागलं तर ती माती भरताना तेवढ्या पट्ट्याला परत औषध द्या, यासाठी मी अर्धा लिटर औषध कुलपात ठेवलं होतं अन् दोनदा लागलं. पाईप जिथून जोत्यातून वर येतो तिथं भोवतालची फट सिमेंटने गच्च भरा.

लाकूड

सागाचा गाभा वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण बाजारात साग म्हणून मिळतं त्यात पांढरट कडेचं लाकूड खूप असतं अन् ते वाळवी आरामात खाते. भावाच्या चौकटीचं हेच झालं होतं. चौकट घेताना कापलेलं टोक बघा, गडद भाग किती अन् फिका किती ते तिथं लगेच दिसतं. बाभूळ-कडुनिंब घरच्या शेतातलं असेल तर वाळवून, साल अन् कडेचा पांढरा भाग काढूनच वापरा. चौकटीची पाठ अन् खालची टोकं भिंतीत जायच्या आधी औषधाने भिजवून घ्या, एकदा बसली की तिथं ब्रश जात नाही. चौकटीचा पाय फरशीच्या खाली मातीपर्यंत जाऊ देऊ नका. संडास-बाथरूमला तर लाकूड घेऊच नका, ग्रॅनाइटची चौकट घ्या.

किचनच्या प्लायला आयएस ७१० (ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) बघा, अन् ट्रॉल्या सुताराने सरळ भिंतीला अन् फरशीला टेकवल्या नाहीत ना ते बघा. खाली पाय असले की वाकून बॅटरी मारून बघता येतं.

घर बांधून झालंय अन् औषध मारलंच नव्हतं

तरी मार्ग आहे, पण खर्च अन् ताप जास्त. आतून भिंत अन् फरशीच्या सांध्यावर दर ३० सेंटीमीटरला १२ मिलीमीटरचं भोक ड्रिल करून, प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटर द्रावण सोडून ते सिमेंटने बुजवायचं. वाळवी लागलेल्या चौकटीला ६ मिलीमीटरची तिरपी भोकं घेऊन आत औषध सोडायचं. बाहेरून चौफेर वर सांगितलं तसंच. वायरिंग कुठून गेलीय ते माहीत नसताना ड्रिल करू नका, मेन बंद करा, अन् लाईटच्या बोर्डात पाण्यातलं औषध कधीच मारू नका.

मातीची नळी दिसली की आपण पहिलं काय करतो, झाडूने झाडून रॉकेल मारतो. तसं करू नका. वाळवी रस्ता बदलते अन् दिसेनाशी होते, मग कळतच नाही कुठून चाललीय. नळीचा बोटभर तुकडा तोडा अन् चार दिवसांनी बघा. परत बुजवलेला दिसला तर वाळवी जिवंत आहे, तिथूनच उपचार सुरू करा.

पहिला पाऊस

मृगाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी लाईटभोवती पंखवाले किडे येतात अन् सकाळी ओट्यावर पंखांचा खच पडलेला असतो. बाहेरच्या दिव्याखाली दिसले तर घाबरायचं कारण नाही, ते गावभर येतात. पण घराच्या आतून, चौकटीतून किंवा फरशीच्या फटीतून निघताना दिसले तर वारूळ घरात नाहीतर घराला लागून आहे असं समजा. पंखवाल्या मुंग्या बी तशाच दिसतात, मुंगीची कंबर बारीक असते अन् पुढचे पंख मोठे मागचे लहान, वाळवीचे चारी पंख सारखे अन् कंबर अशी नसतेच.

परसात भिंतीला टेकवून पऱ्हाट्या, तुराट्या, सरपण किंवा कडब्याची गंज लावू नका, दोन-तीन हात लांब अन् खाली दगड ठेवून लावा. भिंतीलगत कुंड्या नको, नळाचं अन् मोरीचं पाणी जोत्याशी साचू देऊ नका. बाहेरच्या कडेची माती पुढं बागेसाठी खोदली तर तेवढ्या भागाला परत औषध द्यावं लागतं, आमच्या आईने मागच्या भिंतीला लागून कढीपत्ता लावायला खड्डा घेतला होता, तो आता कंपाउंडजवळ हलवलाय अन् त्या हातभर जागेला मी परत पाच लिटर सोडलंय.